पिशवी उचलून बघा

उन्हाळा तोंडावर आला की माझ्याकडे येणारी पत्रं बहुतेक रोपांना पाणी कधी आणि किती द्यायचं याचीच असतात. या महिन्यातही तसंच झालं, म्हणून पानभर पाण्यावरच घालवते आहे. खतं आणि कीड पुढच्या अंकात.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: माझं माहेर फलटणकडचं, सासर चिपळूण तालुक्यातलं. माहेरी बोअरचं खारट पाणी, सासरी विहिरीचं गोड. दोन्ही पाण्यांवर रोपं केली आहेत आणि दोन्हींवर मारलीही आहेत. सध्या घरामागच्या परसात रोपांच्या प्लास्टिकच्या बाराशेच्या आसपास पिशव्या असतात. कोकम, काजू, मोगरा, अबोली, जास्वंद, आणि पावसाच्या तोंडावर मिरची-वांग्याची रोपं.

मी बँकेतून निवृत्त झालो. बंगल्याच्या बाजूला 8 बाय 20 फुटांची पट्टी आहे. तिथे 5 बाय 7 इंची दोनशे पिशव्यांत मिरची, टोमॅटो आणि झेंडू लावला आहे. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला बरोबर दहा-दहा मिनिटं पाइपने पाणी घालतो. एक दिवस चुकवलेला नाही. तरी रोपं बोटभर झाली की मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात. तीनदा बी टाकून झालं. कोणतं औषध मारू?
— एक वाचक, धायरी, पुणे

काका, औषधाचं नंतर बघू. आधी एक 15 लिटरची बादली घ्या आणि तुमच्या पाइपखाली लावा. घरच्या साध्या पाइपला ती मिनिटभरात भरते. म्हणजे दिवसाची वीस मिनिटं धरली तर तुम्ही दोनशे पिशव्यांना रोज 300 लिटर पाणी देता. त्यातलं निम्मं पिशव्यांच्या मधल्या फटींत गेलं असं धरलं, तरी एका पिशवीच्या वाट्याला पाऊण लिटर येतं. आणि 5 बाय 7 च्या पिशवीत माती मावते तीच मुळी पाऊण लिटर! तुम्ही बँकेतले, म्हणून तुमच्या भाषेत सांगते: रोज भरणा चालू आहे आणि खात्यातून काढणारं कुणी नाही. बोटभर रोप पिऊन पिऊन पिणार किती?

रोपं आडवी पडतात त्याला आपण मर किंवा रोपं कोलमडणं म्हणतो. ती मातीतली बुरशी आहे. प्रत्येक मातीत थोडीफार असतेच, पण कायम ओल मिळाली की ती माजते. संध्याकाळी सहाला पाणी दिलं की रात्रभर रोपाची मान ओली राहते. बुरशीला यापेक्षा चांगली व्यवस्था कुणी करून देणार नाही.

आता पाणी कधी द्यायचं ते. घड्याळ बघून नाही, पिशवी उचलून. हे मला सासूबाईंनी शिकवलं. त्या ओळीतून चालताना वाकून मधलीच एखादी पिशवी दोन बोटांनी उचलायच्या, खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आज नको." मला ती जादू वाटायची. मग मी शेंगदाणे तोलायच्या काट्यावर एक पिशवी ठेवून पाहिली. पोटभर पाणी देऊन निथळलेली मिरचीची पिशवी 1 किलो 40 ग्रॅम भरली. पाणी न देता ठेवली तर दुसऱ्या दिवशी 970, तिसऱ्या दिवशी 880, आणि चौथ्या दिवशी दुपारी 790 वर आल्यावर पानांनी मान टाकली. हे फेब्रुवारीतलं, शेडनेटखालचं, म्हणजे सावलीच्या जाळीखालचं. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, माती वेगळी असली तर खूपच वेगळे. पण एकदा तोलून बघा आणि तेवढ्या वजनाची पिशवी हातात कशी लागते ते हाताला शिकवा. मी 880 च्या आसपास पाणी देते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तीच ही स्थिती: माती ओली आहे, पण चिखल नाही, आणि मुळांना हवा मिळते आहे. चार दिवसांत काट्याची गरज उरत नाही.

तेव्हा पिशवीला लागतं किती? साधारण 150 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक मोठा कप. दोनशे पिशव्यांना 30 लिटर, तेही दोन-तीन दिवसांतून एकदा, आणि सकाळी.

पाइप बाजूला ठेवा आणि झारी घ्या. झारीच्या चाळणीची भोकं वर आभाळाकडे करा, म्हणजे पाणी आधी वर उडून मग भुरभुर खाली येतं. खाली तोंड करून धरलं की धार बसते, मातीला खड्डा पडतो आणि बी कडेला जाऊन बसतं. पिशव्या भरताना वर दोन बोटं जागा सोडली आहे ना? काठोकाठ भरली तर पाणी वरून वाहून जातं. फारच कमी भरली तर पिशवीची कड आत दुमडते आणि छत्रीसारखी आडवी येते. पाणी घातल्याचं आपल्याला समाधान, रोप कोरडं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण पट्टी बंगल्याच्या बाजूला आहे म्हणून विचारते. कडेच्या ओळी आधी सुकतात का? सुकणारच. मधल्या पिशव्या एकमेकींच्या सावलीत असतात. कडेच्या काळ्या प्लास्टिकवर सरळ ऊन पडतं आणि ती माती तापते. माझ्याकडे पश्चिमेची कडेची ओळ मधल्या ओळीच्या जवळजवळ दुप्पट पाणी पिते. कडेनं विटांची किंवा फळीची एक रांग लावलीत तर फरक पडेल. नाहीतर कडेच्या ओळीला वेगळं पाणी द्या, पण तिच्याकडे बघून सगळ्यांना देऊ नका.

आता औषध. मेलेल्या रोपांची माती पुन्हा पिशवीत भरू नका. ती ओलसर करून अंगणात पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरा, कडा मातीने दाबा आणि एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे तशीच राहू द्या. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच हवं, कारण ऊन आत गेलं पाहिजे. नव्या मिश्रणासाठी कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून ते सावलीत आठ-दहा दिवस ओलसर ठेवा आणि मग वापरा. खत खरंच कुजलेलं असू द्या. मुठीत घेतल्यावर गरम लागलं किंवा शेणाचा वास आला, तर अजून वेळ आहे. चौथ्यांदा बी टाकाल तेव्हा दाट टाकू नका.

मातीच्या मिश्रणाबद्दलही पुष्कळ जण विचारतात. माझं साधं आहे: दोन पाट्या माती, एक पाटी शेणखत आणि एक पाटी जाडी रेती किंवा भाताचं तूस. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. 2021 च्या जुलैत चिपळूणला पूर आला, त्यानंतर सगळीकडे गाळच गाळ होता. फुकटची सुपीक माती म्हणून मी एक ट्रॉली आणून घेतली. पिशव्यांत भरल्यावर महिन्याभरात तिची वीट झाली. वर पाणी साचलेलं आणि खाली दोन इंचांवर ठणठणीत कोरडं. नुसत्या गाळात कधी रोप लावू नये, हे मी अडीचशे अबोली घालवून शिकले.

आमच्याकडे बोअरचं पाणी. पिशव्यांवर आणि पानांवर पांढरा थर बसतो, पानांची टोकं जळतात. पाणी मचूळ लागतं, म्हणून मी ते थोडं-थोडंच घालते. घरातल्या फिल्टरचं वाया जाणारं पाणीही वापरते, तेवढीच बचत. तरी मोगऱ्याची रोपं वाढतच नाहीत.
— एक वाचक, लातूर

तुमच्या गावाला 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा थेंब वाचवायची सवय तुमच्या हाताला आहे हे मला कळतं, आणि ती वाईट मुळीच नाही. पण इथे तीच रोपांना नडते आहे.

खारं पाणी थोडं-थोडं दिलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. परत घोटभर दिलं, परत क्षार राहिले. पिशवीत मिठागर तयार होतं. खाऱ्या पाण्याची रीत उलटी आहे: कमी वेळा द्यायचं, पण दिलं की खालच्या भोकांतून वाहेपर्यंत द्यायचं, म्हणजे साचलेले क्षार धुऊन बाहेर जातात. वाहिलेलं पाणी खाली तुंबू देऊ नका. पिशव्या खडीवर किंवा विटांवर ठेवा.

आणि फिल्टरचं ते वाया जाणारं पाणी आजपासून बंद करा. आरओ यंत्र गोड पाणी तुम्हाला पिण्याला देतं आणि क्षार त्या दुसऱ्या नळीतून टाकतं. म्हणजे बोअरपेक्षाही खारट पाणी तुम्ही रोपांना घालता आहात. त्याने फरशी पुसा. काही घरांत पाणी मऊ करायचं यंत्र असतं, त्याचं पाणीही नको. ते कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतं. भांड्यांवरचे डाग जातात, पण रोपांच्या दृष्टीने आगीतून फुफाट्यात. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी मात्र जरूर वापरा, ते तुमच्या बोअरच्या पाण्याने धुतलेलं नसेल तर.

पाणी तपासून घ्या. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, हजाराच्या वर गेला असेल तर कोवळ्या रोपांसाठी पावसाचं पाणी साठवणं एवढाच खरा उपाय. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. 10 बाय 10 फुटांच्या पत्र्यावर एक इंच पाऊस पडला की सव्वादोनशे लिटर पाणी मिळतं, म्हणजे एका पावसात एक ड्रम. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते. ड्रमला झाकण आणि जाळी हवीच, नाहीतर डासांची नर्सरी होईल. ते पाणी फक्त बी उगवल्यापासून चार पानांपर्यंत द्या. मोठी झाली की रोपं बोअरच्या पाण्यालाही थोडी सरावतात. माझ्या माहेरी असंच चालायचं.

कोकोपीट वापरत असाल तर तेही धुऊन घ्या. नारळाचा काथ्या पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो आणि ते मीठ विटेतून तुमच्या घरी येतं. पाच किलोची वीट भिजवल्यावर साठ-सत्तर लिटर भुगा होतो. तो गोणपाटात घालून दोन-तीनदा पाणी ओतून पिळून काढा. धुवायला पाणी कुठून आणायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो आहे. म्हणूनच तुम्ही मातीच वापरा, असं मी म्हणेन.

शेडनेट हिरवी घ्यावी की काळी? किती टक्के?
— एक वाचक, कराड

रंगावर डोकं घालवू नका, टक्के बघा, म्हणजे जाळी किती ऊन अडवते ते. भाजीपाला आणि फुलझाडांना 50 टक्क्यांची, शोभेच्या पानांच्या झाडांना 75 ची. 90 ची घेऊ नका. दुकानदार "जास्त सावली, जास्त गारवा" म्हणून गळ्यात मारतात आणि रोपं उंच, पिवळी, काडीसारखी होतात. डोक्यापेक्षा फूटभर उंच बांधा, हवा खेळली पाहिजे. आमच्या कोकणातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं की नेट ऊन अडवते, पाऊस नाही. उलट जाळीवर थेंब जमून मोठे होतात आणि टपाटप एकाच जागी पडून माती उडवतात. जून ते सप्टेंबर कोवळ्या रोपांवर प्लास्टिकच लागतं.

तुम्ही मागे लिहिलंत, "पाणी फक्त सकाळी." मी मे महिन्यात तसं केलं आणि माझी साठ रोपं चार दिवसांत वाळली. तुम्हाला कोकणात बसून लिहायला काय जातं?
— एक वाचक, नागपूर

काही जात नाही, खरं आहे. चूक माझी. 45 अंशांच्या उन्हाचा विचार मी ते लिहिताना केला नव्हता.

नागपूरच्या मेमध्ये छोट्या पिशव्यांना दोनदा पाणी लागतं. पहाटे पोटभर, आणि ऊन उतरल्यावर फक्त ज्या पिशव्या हलक्या लागतील त्यांना. भर दुपारी रोप माना टाकून उभं असेल तर आधी पिशवी उचला. जड लागली तर पाणी देऊ नका. मुळांना वर पाणी चढवायला वेळ पुरत नाही, म्हणून पानं मलूल झाली आहेत, सहा वाजता आपोआप ताठ होतील. त्या वेळी पाणी द्यायचंच तर जमिनीवर, वाटेवर, भिंतीवर शिंपडा. कूलरच्या गावात हे मी सांगायला नको. बाजूला ओलं गोणपाट टांगलंत तरी चालेल.

दुसरं असं, की उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी हातावर घेऊन बघितलंय का कधी? पन्नास फुटांच्या अर्धा इंची पाइपात जवळजवळ दोन लिटर पाणी साठलेलं असतं आणि दुपारी ते चहासारखं कढत असतं. ते सगळं पहिल्या ओळीच्या मुळांवर जातं. तुमची पाइपाच्या जवळची ओळ आधी गेली का? गेली असेल तर उत्तर तिथेच आहे. आधी बादलीत सोडा, गार लागलं की मग रोपांना.

आणि वाळलेल्या पिशव्या एवढ्यात टाकू नका. माती पूर्ण वाळली की आकसते आणि पिशवीपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली येतं. खालून वाहिलं म्हणून आपल्याला वाटतं भिजलं, आतला गड्डा कोरडाच असतो. अशी पिशवी घमेल्यात पाणी घेऊन त्यात बुडवून ठेवा. बुडबुडे येतात. ते थांबले की बाहेर काढून निथळू द्या आणि सावलीत ठेवा. खोडावर नखाने किंचित खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर पंधरा दिवस वाट बघायला हरकत नाही. साठातली दहा-बारा जरी फुटली, तरी मला शिव्या थोड्या कमी द्या.

गच्चीवर चारशे पिशव्या आहेत. टाकी गच्चीपासून आठ फूट उंचीवर आहे. तिला फॉगर जोडले, पण धुकं पडत नाही, नुसते थेंब ठिबकतात. दुकानदार म्हणतो फॉगर चांगले आहेत. शिवाय टायमर बसवावा का?
— एक वाचक, नाशिक

दुकानदार खोटं बोलत नाही, पण पुरतं खरंही सांगत नाही. पाण्याच्या 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. तुमची टाकी आठ फुटांवर, म्हणजे अडीच मीटरही नाही. दाब जेमतेम पाव किलो. फॉगरला तीन-चार किलो लागतो. टाकीच्या भरवशावर धुकं हवं असेल तर ती गच्चीच्या वर आणखी दहा-बारा मजल्यांवर न्यावी लागेल. नाहीतर पंप.

पण मुळात चारशे पिशव्यांना फॉगर हवेत कशाला? फॉगर हवेत ओलावा धरतो. फाटे (छाटलेल्या काड्या) रुजवताना, कलमं जगवताना त्याचा उपयोग. पिशवीतल्या मातीला त्याने पाणी पोचत नाही. पानं ओली, माती कोरडी, आणि ओल्या पानांवर बुरशी. पाव किलो दाबावर चालणारी सोय म्हणजे 16 मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे ओळीतून जाणारी नळी, आणि तिला टोचलेल्या बारीक नळ्या, म्हणजे मायक्रोट्यूब. पुढे ड्रिपर लावू नका, एवढ्या दाबावर ते सारखं पाणी देत नाहीत. नळ्या सगळ्या एकाच लांबीच्या कापा, एक नळी एका पिशवीत. टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर लावा आणि आठवड्यातून एकदा उघडून धुवा. चारशे नळ्या टोचायला दोन दिवस जातील आणि अंगठा सोलवटेल. नाहीतर झारी घ्या. चारशे पिशव्यांना झारीने पाणी घालायला मला पाऊण तास लागतो आणि त्या पाऊण तासात कोणत्या पानावर अळी आहे, कुणाची मुळं पिशवीबाहेर डोकावताहेत, हे सगळं दिसतं.

टायमरबद्दल माझं मत पूर्वग्रहाचं आहे, ते तसंच घ्या. सहा वर्षांपूर्वी मी एक बसवला. पुतणीच्या लग्नाला पाच दिवस फलटणला गेले. टायमर ठरल्या वेळी चालू झाला, बंदही झाला, सगळं व्यवस्थित. फक्त एका लॅटरलच्या तोंडाशी कसला तरी किडा अडकला आणि त्या ओळीतल्या कोकमांना पाच दिवस थेंबही मिळाला नाही. पुढच्या ओळीत एक नळी निसटली होती, तिथे तळं साचलेलं. एकाच परसात दुष्काळ आणि महापूर. टायमरला ते कळायचं कारण नाही, त्याला वेळ तेवढी कळते. बसवा, पण शेजाऱ्याला रोज एकदा डोकावायला सांगा. आणि शेजारी डोकावणारच असेल तर त्याच्या हाती झारीच का देऊ नये?

मुलीच्या बाळंतपणाला तीन महिने अमेरिकेला जाते आहे. गॅलरीत दीडशे रोपं आहेत. बाटल्या उलट्या लावणं, वाती, जेल, काय करू?
— एक वाचक, ठाणे

आधी अभिनंदन. तीन महिन्यांसाठी यातलं काही चालत नाही, कुणी काही सांगो. रोपं वाटून टाका. दीडशेतली शंभर तरी लावण्याजोगी झाली असतील. सोसायटीत, ओळखीच्या शाळेत, डिंकाचे लाडू करून देणाऱ्या बाईंना, जिथे जातील तिथे द्या. दहा-बारा जिवाभावाची ठेवा आणि ती ज्याला खरंच हौस आहे अशा एकाच घरी नेऊन सोडा. "येऊन पाणी घालून जा" असं सांगून किल्ली देऊ नका. पहिले आठ दिवस येतात, मग त्यांनाही पाहुणे येतात.

आठ-दहा दिवसांचा प्रश्न असता तर सोपं होतं. सावलीत प्लास्टिकचा कागद अंथरून कडेनं विटा लावायच्या, बोटभर पाणी भरायचं आणि त्यात पिशव्या उभ्या करायच्या. माती खालच्या भोकांतून पाणी वर ओढते. पण त्याहून जास्त दिवस नाही, मुळं सडतात. आल्यावर लगेच बाहेर काढून निथळू द्यायच्या.

ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे कोकमाची चार मोठी झाडं आहेत. सोलं (आमसुलं) करताना बिया ढीगभर निघतात. त्यांची रोपं करून विकू का? किती पाणी लागेल? आई म्हणते परवाना लागतो.
— एक वाचक, सावंतवाडी तालुका

तुझी आई बरोबर सांगते. फळझाडांच्या रोपा-कलमांच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात 1969 पासून कायदा आहे. परवाना कृषी खात्याकडून घ्यावा लागतो. तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन काय-काय कागद लागतात ते विचारून ये, आईला बरोबर ने. तोवर अबोली, मोगरा, मिरचीची रोपं करून हात बसव.

कोकमाच्या बिया साठवून ठेवू नकोस. त्या वाळल्या की जीव जातो. गर धुऊन काढ, सावलीत पसरून वरचं पाणी निवलं की लगेच पेर. सोलं वाळत घातल्यावर निवांत बघू म्हणालीस तर फुकट जातील. पिशवी जरा लांब घे, 6 बाय 8 तरी, कारण सोटमूळ खाली धाव घेतं. पावसाळ्यात तुला पाणी द्यावं लागणारच नाही, उलट साचू न देणं हेच काम. पिशवीला खालच्या अर्ध्या भागात भोकं आहेत का बघ, आणि तळाशीही असू देत. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात मात्र रोपं फसवतात: आपल्याला वाटतं जमीन अजून ओली आहे, आणि पिशवी कधीच हलकी झालेली असते. रोज सकाळी पाच-सहा उचलून बघत जा. दर दोन महिन्यांनी जागाही बदल, नाहीतर मुळं खालच्या जमिनीत घुसतात आणि विकायला उचललीस की तुटतात. गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत रोपाने मान टाकलेली असते आणि बोल तुला लागतो.

आता जी गोष्ट तू विचारली नाहीस ती. कोकमात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि ते कळतं फूल आल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षांनी. तुझ्याकडून दहा रोपं नेणाऱ्याला पाच झाडांवर एकही कोकम दिसणार नाही, आणि गाव छोटं आहे. म्हणून बियांची रोपं खुंट म्हणून, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग म्हणून, वाढव आणि त्यांच्यावर मादी झाडाची कलमं बांधायला शीक. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण अमृता ही जात काढली आहे, तिची फळं पावसाआधी हाती येतात. घरच्या चार झाडांतलं कुठलं लवकर पिकतं, कुठल्याचं साल जाड आहे, हे आजीला विचारून लिहून ठेव. काडी घेताना सरळ वर गेलेल्या शेंड्याची घे. आडव्या फांदीची घेतलीस तर कलम जन्मभर आडवंच पसरतं. पहिल्या वर्षी पन्नासच बांध. त्यातली वीस जगली तरी मला कळव. माझी पहिल्या वर्षी नऊ जगली होती.